एका रेणूचा प्रकाश : प्रतिदीप्ति-वर्णपटशास्त्राची नवी दृष्टी

वाशी-तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात, म्हणजे बोलण्यात ज्यास सर्वजण ‘एपीएमसी मार्केट’ म्हणतात तेथे, कांदा-बटाटा, मसाले, धान्य, भाजीपाला व फळे असे पाच बाजार भरतात. त्यांतील व्यवहारांचा गोषवारा दररोज तक्त्याच्या रूपाने प्रसिद्ध होतो. मालाचे नाव, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि शेवटी सर्वसाधारण दर असे त्याचे रकाने असतात. शेतकरी, गिऱ्हाईक व वर्तमानपत्रे या सर्वांची नजर त्या शेवटच्या रकान्यावर असते. तथापि त्या दराने त्या दिवशी प्रत्यक्षात एकही पोते विकले गेले नसेल, हे अगदी संभवनीय आहे. सर्वसाधारण दर हे बाजाराचे वर्णन होय, पोत्याचे नव्हे. (प्रत्यक्ष सौदा व्हावयाचा तो दोघांतच, फळबाजारातील रुमालाखालच्या बोटांची भाषा हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

रसायनशास्त्राने रेणूंविषयी आजवर आपणांस जे सांगितले, ते बहुतांशी अशा सर्वसाधारण दराच्या स्वरूपाचे आहे. पाण्याच्या एका थेंबात १ या आकड्यापुढे २१ शून्ये दिली असता होणाऱ्या संख्येहूनही अधिक रेणू असतात. परीक्षानळीतील द्रवाचा रंग, त्याचा उत्कलनबिंदू, त्यातील विक्रियेचा वेग ही सर्व त्या अफाट समुदायाची सरासरी असते. समुदायातील प्रत्येक रेणू दुसऱ्यासारखाच वागतो, असे आपण गृहीत धरीत आलो. हे गृहीत तपासून पाहण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता. १९५२ साली श्रोडिंगर यांच्यासारख्या थोर पदार्थवैज्ञानिकाने असे प्रतिपादन केले होते, की एकटा इलेक्ट्रॉन, एकटा अणू किंवा एकटा लहान रेणू घेऊन आपण कधीच प्रयोग करीत नाही. त्यानंतर ४० वर्षे पूर्ण होण्याच्या आतच तसा प्रयोग झाला. तो कसा झाला व त्यातून काय निष्पन्न झाले, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून द्यावयाचा आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात शिरावे याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु हा प्रश्न आमच्याही परिचयाचा आहे. बोलीची पाहणी करताना पन्नास भाषकांचे उच्चार नोंदवून आपण त्यांवरून ‘मालवणी’ वा ‘अहिराणी’ सिद्ध करतो. मात्र ती सरासरी बोली तंतोतंत बोलणारा मनुष्य त्या गावात सापडतोच असे नाही. समुदाय आणि व्यक्ती यांचे नाते काय, हा प्रश्न रेणूंच्या बाबतीत इतक्या काटेकोरपणे विचारता येतो व त्याचे उत्तरही मिळू शकते, याचे आकर्षण आम्हांस वाटले तर नवल नाही.

प्रथम प्रतिदीप्ती म्हणजे काय ते पाहू. बाजारातील बहुतेक गाळ्यांत गल्ल्याजवळ नोटा तपासण्याचा एक लहानसा जांभळट दिवा असतो. त्यातून मुख्यतः जंबुपार प्रकाश बाहेर पडतो आणि तो डोळ्यांस दिसत नाही. खऱ्या नोटेवरील क्रमांक व कागदात विखुरलेले तंतू त्या प्रकाशात चमकू लागतात. मसाला बाजारातील हळकुंडाची चिमूटभर पूड स्पिरिटात ढवळून, गाळून, याच दिव्याखाली धरली तर द्रव हिरवट पिवळ्या तेजाने उजळून निघतो. दिवा विझविताच ते तेजही नाहीसे होते. येथे घडते ते असे : हळदीतील कुर्क्युमिन या द्रव्याचा रेणू प्रकाशाचा एक कण शोषून घेतो व उत्तेजित अवस्थेत जातो, तेथे क्षणाच्या अत्यल्प अंशापुरता राहून, थोडी ऊर्जा आजूबाजूस उष्णतेच्या रूपाने देऊन, उरलेली ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने परत करतो. काही ऊर्जा वाटेत खर्च झालेली असल्यामुळे परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी अधिक असते. जंबुपार आत जातो, हिरवा बाहेर येतो. रंगातील हा फरक पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे, हे ध्यानात ठेवावे. टाकलेला प्रकाश आणि आलेला प्रकाश यांचे रंग भिन्न असल्यामुळेच पहिला गाळून टाकून केवळ दुसरा पाहता येतो.

१८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी क्विनीनच्या द्रावणाच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या निळ्या झळाळीचे वर्णन केले आणि १८५२ मध्ये स्टोक्स यांनी तिचा उलगडा करून ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. फ्लुओरस्पार नावाच्या खनिजात हा गुण आढळतो, म्हणून हे नाव. म्हणजे एका दगडाच्या नावावरून घटनेचे नाव पडले, आणि ते जगभर रूढ झाले. मराठीत आपण दगडाकडे न जाता घटनेकडे पाहून ‘प्रतिदीप्ती’ म्हणतो. प्रकाशाला उत्तर म्हणून आलेला प्रकाश हा अर्थ त्यात उपसर्गानेच आणला आहे, आणि माझ्या मते तो अधिक बोलका आहे. ‘रेणू’ या शब्दाविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. संस्कृतात रेणु म्हणजे धुळीचा कण. मराठीने अणू व रेणू अशी जोडी मानली; हिंदीने परमाणु व अणु अशी मानली. त्यामुळे मराठी भाषकाचा अणू तो हिंदी भाषकाचा परमाणु, आणि हिंदी भाषकाचा अणु तो आपला रेणू. दोन्ही भाषांतील शास्त्रीय पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याची यात फसगत होते.

साध्या, म्हणजे समुदायाच्या, प्रतिदीप्तीचा बाजाराशी असलेला एक संबंध जीवनमरणाचा आहे. शेंगदाणे, मका, मिरची यांस दमट हवेत बुरशी धरते व तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाची विषे तयार होतात. १९६० मध्ये इंग्लंडात शेंगदाण्याच्या पेंडीमुळे टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, तेव्हा त्यांचा शोध लागला. १९७४ मध्ये पश्चिम भारतात, राजस्थान व गुजरातच्या आदिवासी मुलखात, बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. ही विषे जंबुपार प्रकाशात चमकतात. त्यांच्या ‘बी’ व ‘जी’ या प्रकारांची नावे निळ्या व हिरव्या तेजाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच पडली आहेत. मिरची व हळद यांसाठी युरोपीय संघाने ठरविलेली मर्यादा किलोमागे सर्व मिळून १० मायक्रोग्रॅम आहे, आणि प्रतिदीप्तीच्या साहाय्याने इतके अल्प प्रमाण मोजता येते. अडचण निराळीच असते. पोत्यातील सर्व दाणे सारखे दूषित नसतात. हजारोंत एखाद-दुसऱ्या दाण्यातच बहुतेक सारे विष साठलेले असते. पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसून मूठभर नमुना काढला, तर तो दाणा त्यात येईल किंवा येणार नाही. आला नाही तर पोते निर्दोष ठरते. आला तर सबंध माल परत जातो. सरासरी येथे केवळ अपुरी नसून ती दिशाभूल करणारी असते. म्हणूनच असा नमुना पुष्कळ ठिकाणांहून व भरपूर घ्यावा, आणि तो सर्व दळून एकजीव करून मगच तपासावा, असा दंडक आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. एकटा रेणू पाहण्यात अडचण त्याच्या मंदपणाची आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः ती गर्दीची आहे. ऱ्होडामीनसारखा चांगला रंजक रेणू अनुकूल परिस्थितीत सेकंदास कित्येक लक्ष प्रकाशकण फेकतो, आणि त्यांतील काही टक्के पकडले तरी उत्तम शोधकास दहा हजारांवर कण मिळतात. प्रश्न उरतो तो भोवतालच्या पाण्याचा. एक घन मायक्रोमीटर एवढ्या इवल्या जागेतही पाण्याचे सुमारे ३,३०० कोटी रेणू असतात, आणि ते सर्व थोडा थोडा प्रकाश विखुरीत असतात. यातून काढलेला मार्ग असा : लेसरचा झोत भिंगाने अत्यंत लहान बिंदूवर एकवटावयाचा, आणि परत येणारा प्रकाश टाचणीच्या टोकाहूनही बारीक छिद्रातून जाऊ द्यावयाचा, म्हणजे त्या बिंदूखेरीज अन्यत्रचा प्रकाश अडतो. यासच समनाभी, म्हणजे कॉन्फोकल, रचना म्हणतात. अशा रीतीने पाहिली जाणारी जागा एक घन मायक्रोमीटरच्या आसपास येते. द्रावण पुरेसे विरळ केले, म्हणजे लिटरमागे एका मोलचा शंभर कोटीवा भाग इतके, तर त्या जागेत कोणत्याही क्षणी सरासरीने एक रेणूदेखील नसतो. तो येतो, चमकतो आणि निघून जातो.

हे एका दिवसात साधले नाही. १९७६ मध्ये हर्शफेल्ड यांनी एकच प्रतिपिंड रेणू पाहिला, पण त्यावर त्यांनी ८० ते १०० रंजक रेणू चिकटविले होते. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात मोर्नर व काडोर यांनी द्रवरूप हीलियमच्या थंडीत, एका स्फटिकात अडकलेल्या पेंटासीनच्या एकट्या रेणूचे प्रकाशशोषण मोजले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ओरिट व बर्नार यांनी त्याच पदार्थात शोषणाऐवजी प्रतिदीप्ती मोजली आणि चित्र कितीतरी स्पष्ट झाले. काळ्या पडद्यावर एक ठिपका पाहणे हे पांढऱ्या पडद्यावर एक पुसट छाया शोधण्यापेक्षा सोपे असते, एवढेच याचे कारण. त्याच १९९० साली लॉस अलामॉस येथे साध्या तापमानास वाहत्या पाण्यातील ऱ्होडामीनचे एकेकटे रेणू टिपण्यात आले. १९९३ मध्ये बेट्झिग व चिचेस्टर यांनी साध्या तापमानास पृष्ठभागावर स्थिर असलेले एकटे रेणू दाखविले. मोर्नर, बेट्झिग व जर्मनीतील हेल यांस २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दिसणारा ठिपका एकाच रेणूचा आहे, दहांचा नव्हे, हे कशावरून? दहा दिवे एकेक करून विझले तर उजेड दहा पायऱ्यांनी उतरतो; एकच दिवा असेल तर तो एकदम जातो. एकटा रेणू तसाच एका पायरीत मावळतो, कारण काही लक्ष प्रकाशकण दिल्यानंतर तो रासायनिक दृष्ट्या मोडून जातो. त्यापूर्वीही तो मधूनमधून लुकलुकतो : काही काळ प्रकाशित, काही काळ अंधारात, पुन्हा प्रकाशित. समुदायात ही लुकलुक कधीच दिसली नसती, कारण एक विझतो तेव्हा दुसरा पेटलेला असतो.

मुंबईकर वाचकांस जवळचे वाटेल असे उदाहरण कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आहे. तेथे सुदीप्त मैती व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिदीप्तीच्या चढउतारांचा अभ्यास करण्याची पद्धत अल्झायमरच्या रोगाकडे वळविली. ही पद्धत १९७२ मध्ये मॅग्डे, एल्सन व वेब यांनी कॉर्नेल विद्यापीठात मांडली. तिची युक्ती अशी की, प्रकाशाची सरासरी न मोजता तिच्यातील अस्थिरता मोजावयाची. लहानशा जागेत सरासरीने दोनच रेणू असतील, तर एकाच्या जाण्यायेण्याने उजेड निम्म्याने बदलतो. दोन हजार असतील तर काहीच जाणवत नाही. म्हणून चढउताराच्या मानावरून संख्या कळते, आणि प्रत्येक चढ किती वेळ टिकतो यावरून रेणू किती वेगाने ती जागा ओलांडतो, अर्थात तो केवढा आहे, हे कळते. लहान रेणू चटकन निघून जातो. रेणूंचा पुंजका रेंगाळतो. आपण ज्यास गोंगाट म्हणून टाकून देतो त्यातूनच येथे माहिती काढली जाते, हे मला या पद्धतीचे सर्वांत मनोहर अंग वाटते.

अल्झायमर झालेल्या मेंदूत अमायलॉइड-बीटा नावाच्या लहान प्रथिनाचे थर साठलेले आढळतात. हे प्रथिन ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचे असून निरोगी मेंदूतही अत्यल्प प्रमाणात असतेच. मोठे थर पूर्वीपासून सूक्ष्मदर्शकात दिसत होते. परंतु पेशींस अपाय करणारे खरे गुन्हेगार थर नसून, थर होण्यापूर्वीचे काही मोजक्या रेणूंचे पुंजके असावेत, असा संशय पुढे बळावला. असे पुंजके संख्येने थोडे, अल्पजीवी व नाना आकारांचे असतात. सरासरी घेणाऱ्या पद्धतीच्या हाती ते लागत नाहीत. मैती यांच्या गटाने २००३ मध्ये दाखविले की, शरीरात आढळणाऱ्या प्रमाणात ४० अमिनो आम्लांचे हे प्रथिन पाण्यात खुशाल विरघळून राहू शकते. आपण होऊन त्याने साका धरण्याचे कारण नाही. मग मेंदूत ते का साठते? पेशींचे पटल, धातूंचे आयन किंवा असेच काही भोवतालचे कारण त्यास गोळा करीत असले पाहिजे. म्हणजे प्रश्नाची जागाच बदलली. २०११ मध्ये याच गटाने एकट्या रेणूचा आकार मोजला. त्याची त्रिज्या सुमारे ०.९ नॅनोमीटर भरली.

येथे आपली हळद पुन्हा येते. कुर्क्युमिन अमायलॉइडला चिकटते, आणि टाटा संस्थेतील मधू, मैती व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार ते त्या साठ्यातील प्रथिनाच्या वळणाची रचना बदलते. (तो प्रयोग मुख्यतः चुंबकीय अनुस्पंदनाचा होता, प्रतिदीप्तीचा नव्हे.) एवढ्यावरून हळदीने विस्मरणाचा रोग बरा होतो असे अनुमान काढणारी मंडळी घरोघर आहेत, आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांची आशा समजण्याजोगीही आहे. परंतु ते अनुमान अजून सिद्ध झालेले नाही. खाल्लेल्या हळदीतील कुर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते आणि ते लवकर विघटित होते. शिवाय कुर्क्युमिन स्वतःच प्रतिदीप्तिशील असल्यामुळे, ज्या औषधचाचण्या प्रतिदीप्तीवर अवलंबून असतात त्यांत ते खोटा होकार देऊ शकते. प्रकाश दिसतो तो औषधाच्या कार्याचा नसून औषधाच्या रंगाचा असतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी कुर्क्युमिनविषयीचे विपुल संशोधन तपासून हा इशारा स्पष्ट शब्दांत दिला. हळदीचा स्वयंपाकातील मान त्यामुळे यत्किंचितही कमी होत नाही, पण रोग्याची चालू असलेली औषधे बंद करून तिच्यावर विसंबणे घातक होय.

इतर उपयोगांपैकी दोन विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला अंतर मोजण्याचा. दोन भिन्न रंजक रेणू एकमेकांपासून पाचेक नॅनोमीटरवर असले, तर पहिल्याने घेतलेली ऊर्जा दुसऱ्याकडे जाते व दुसराच चमकतो. फोर्स्टर यांनी १९४८ मध्ये दिलेल्या सिद्धांतानुसार हे हस्तांतर अंतराच्या सहाव्या घातावर अवलंबून असते : ज्या अंतरावर निम्मी ऊर्जा जाते ते दुप्पट केले, तर जेमतेम दीड टक्का जाते. प्रथिनाच्या दोन टोकांस असे दोन रंजक बांधले की ते घडी घालताना व उलगडताना रंग बदलीत राहते. १९९६ मध्ये हे मापन प्रथमच एकेका जोडीवर करण्यात आले. दुसरा उपयोग स्थान निश्चित करण्याचा. प्रकाशाच्या तरंगरूपामुळे एका रेणूचा ठिपका सुमारे २५० नॅनोमीटर रुंद दिसतो, पण त्याचा मध्य हजारो प्रकाशकण गोळा करून एक-दोन नॅनोमीटरपर्यंत ठरविता येतो. २००३ मध्ये यिल्दिझ, सेल्विन व सहकाऱ्यांनी पेशीत ओझे वाहणाऱ्या मायोसिन-५ या प्रथिनाच्या एका पायास रंजक बांधून पाहिले. तो पाय दर वेळी ७४ नॅनोमीटर पुढे पडत होता. त्या प्रथिनाचे एक पाऊल ३७ नॅनोमीटरचे असल्यामुळे, ते सरपटत नसून माणसासारखे एकामागून एक पाय टाकीत चालते, हे त्यावरून निश्चित झाले. पाठीवर पोते घेतलेल्या माथाडी कामगाराची चाल पाहून जे आपण सहज सांगू, ते रेणूच्या बाबतीत सांगण्यास एवढा खटाटोप लागला. सूक्ष्मदर्शकाची जुनी मर्यादा ओलांडणाऱ्या २००६ नंतरच्या पद्धतींचा आधारही हाच आहे. डीएनएचा क्रम एकेका रेणूवरून वाचणारी यंत्रेही या शाखेचेच अपत्य होत.

भाषाशास्त्रज्ञास सर्वाधिक विचार करावयास लावणारा प्रयोग मात्र १९९८ चा आहे. लू, झुन व झी यांनी कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज या विकराचा एकेक रेणू पाहिला. या विकराचा एक भाग स्वभावतःच प्रतिदीप्त असतो. एका अवस्थेत तो चमकतो, दुसऱ्या अवस्थेत नाही, म्हणून प्रत्येक विक्रिया एका लुकलुकीच्या रूपाने दिसते. असे आढळले की, रासायनिक दृष्ट्या एकच असलेले रेणू भिन्न वेगाने काम करतात, आणि एकाच रेणूची एक फेरी मंद झाली तर पुढचीही मंद होण्याचा संभव अधिक असतो. जणू त्याला मागची आठवण राहते. ‘आठवण’ हा शब्द येथे लक्षणेने वापरला आहे. रेणूची घडी अनेक रूपांत सावकाश बदलत असते, एवढाच त्याचा अर्थ.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बहुतेक प्रथिने स्वतः पुरेशी चमकत नाहीत, म्हणून त्यांस रंजक बांधावा लागतो, आणि तो बांधल्याने प्रथिनाचे वागणे बदलले नाही याची खात्री प्रत्येक वेळी करून घ्यावी लागते. ध्वनिमुद्रणयंत्र समोर ठेवताच भाषकाची बोली प्रमाणभाषेकडे झुकते, हा आमचा नेहमीचा अनुभव. त्याचीच ही आवृत्ती होय. द्रावण अतिशय विरळ ठेवावे लागत असल्यामुळे पेशीतील दाटीचे चित्र हाती येत नाही. शिवाय जे रेणू चमकतात तेच मोजले जातात. जे अंधारात राहिले त्यांचे काय, याचे उत्तर अन्य मार्गांनी शोधावे लागते.

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अरिंदम चौधरी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट नोंदविली. शिसेयुक्त पेरोव्हस्काइटचे काही स्फटिक, प्रकाशाच्या तरंगलांबीहून मोठे व कोट्यवधी अणूंचे बनलेले, एकट्या रेणूसारखे लुकलुकताना त्यांस दिसले. सबंध स्फटिक एकदम मंदावतो व एकदम उजळतो. इतक्या मोठ्या समुदायाने एकाच व्यक्तीप्रमाणे वागावे यासाठी ऊर्जा किंवा विद्युत्भार स्फटिकात दूरवर संचार करीत असला पाहिजे, आणि एखाद-दुसरा दोष तो सर्व गिळून टाकीत असला पाहिजे. हे दोष कोणते व ते अधूनमधून निष्क्रिय का होतात, यावर अद्याप काम चालू आहे.